शेवटच्या दिवशी रांग नको

ठाण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. सोसायटीतले १५ जण, बहुतेक पन्नाशी-साठीचे. १७ सीटर गाडी ठरवली आहे, तीन दिवस मुक्काम सोलापुरात, जाता-येता सिद्धेश्वर एक्सप्रेस. पहिल्या दिवशी अक्कलकोट, दुसऱ्या दिवशी पंढरपूर, तिसऱ्या दिवशी सकाळी तुळजापूर, दुपारी चादरींची खरेदी, संध्याकाळी शहर बघून रात्री रेल्वे. ते लिहितात, "मागच्या वर्षी दुसऱ्या एका सहलीत शेवटच्या दिवशी इतकी वादावादी झाली की परतीच्या प्रवासात दोन कुटुंबं एकमेकांशी बोलत नव्हती. या वेळी तसं नको. शेवटचा दिवस कसा आखावा? आणि बाराला हॉटेल सोडलं की रात्री साडेदहापर्यंत या मंडळींना ठेवायचं कुठं?"

मी सोलापूरचीच. गेली २२ वर्षं लहान गट फिरवते. पुण्या-मुंबईचे इकडे आणते आणि इकडचे बाहेर नेते. आधी थेट उत्तर देते: तुळजापूर तिसऱ्या दिवसावरून उचला आणि पहिल्या दिवशी टाका. खरेदी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरका. तिसऱ्या दिवशी पूर्ण रिकामं न करता दोन खोल्या हाताशी ठेवा. का, ते आता सविस्तर.

तुम्ही विचारताय "काय दाखवू?" पण तुमची अडचण दाखवण्याची नाही. खोली सोडणं आणि रेल्वे पकडणं यात साडेदहा तास आहेत आणि तेवढा वेळ १५ दमलेली माणसं तुमच्या हवाली आहेत, ही अडचण आहे. तीही अशी माणसं, जी मनानं कधीच घरी पोचलेली असतात. पहिल्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर "आज काय काय बघायचंय?" चालू असतं. शेवटच्या सकाळी त्याच टेबलावर "दूधवाल्याला उद्यापासून सांगितलंय ना?", "उद्या पाणी किती वाजता येतंय?" हे ऐकू यायला लागतं. हे ऐकलं की मी समजून जाते, की आता यांना गोलघुमट आणून समोर ठेवला तरी हे त्याची सावली कुठं पडते तेवढंच बघणार.

त्यात गट लहान. ४५ सीटच्या बसमध्ये उशीर करणारा माणूस गर्दीत लपून जातो. १७ सीटरमध्ये तो चढताना १४ जोडी डोळे त्याच्यावर असतात, आणि ते डोळे तिसऱ्या दिवशीचे असतात. पहिल्या दिवशी "असू दे हो, होतो उशीर" म्हणणारी माणसं तिसऱ्या दिवशी घड्याळ दाखवतात. खिडकीची सीट, एसीचा झोत, मागच्या सीटचे धक्के, कुणाचे तरी मोबाइलवरचे मोठ्या आवाजातले व्हिडिओ, हे सगळं दोन दिवस गिळलेलं असतं. ते बाहेर यायला निमित्त लागतं, आणि रांग हे सगळ्यात उत्तम निमित्त.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. बारा-तेरा वर्षांपूर्वी अगदी तुमच्यासारखाच कार्यक्रम मी आखला होता. १६ जण, शेवटच्या दिवशी तुळजापूर, रात्री रेल्वे. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. सकाळी आठला निघू, बाराला परत, असा माझा सरळ हिशेब. पौर्णिमा होती, आणि मी कॅलेंडरचं ते पान उलटून बघितलंच नव्हतं. रांगेत चार तास गेले. बरं, माणसं एकदम आत गेली तरी एकदम बाहेर येत नाहीत. कुणी ओटी भरायला थांबलं, कुणाला गोंधळी भेटला, कुणी प्रदक्षिणेत मागं राहिलं. चपला एका प्रसादाच्या दुकानात ठेवल्या होत्या, आणि बाहेर आल्यावर ते दुकान नेमकं कुठलं, हे निम्म्यांना आठवेना. समोर ओळीनं सगळी दुकानं सारखीच, कुंकवाचे ढीग सारखेच, परड्या सारख्याच. एक काका एका दुकानदाराशी तावातावानं भांडत होते आणि त्यांच्या चपला चार दुकानं पलीकडे होत्या. आमचे ड्रायव्हरमामा गाडीला टेकून शांतपणे म्हणाले, "ताई, ही माणसं आता तीनशिवाय निघत नाहीत बघा." निघायला साडेतीन झाले. जेवण चुकलं, चादरी राहिल्या, आणि स्टेशनवर पोचेपर्यंत गटाचे दोन तट पडले होते: देवीचं नीट झालं म्हणणारे आणि बाकी काहीच झालं नाही म्हणणारे. रेल्वे मिळाली. पण त्या गटातलं कुणीही पुन्हा माझ्याबरोबर आलं नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच. जिथं रांग लागू शकते, ते शेवटच्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी चार तास रांगेत गेले तर त्याला माणसं भक्ती म्हणतात, शेवटच्या दिवशी नियोजनाचा अभाव म्हणतात. रांग तीच असते.

आता तुमच्या तीन दिवसांची फेरमांडणी. सिद्धेश्वर तुम्हाला सकाळी लवकर सोलापुरात सोडते. हॉटेलच्या खोल्या बहुधा दुपारशिवाय मिळत नाहीत, म्हणून आधीच बोलून दोन खोल्या अंघोळीपुरत्या मागून घ्या, सामान तिथंच टाका, नाश्ता करा आणि नऊपर्यंत तुळजापूरच्या रस्त्याला लागा. दर्शन, जेवण आणि येताना नळदुर्ग. तुळजापुराहून नळदुर्ग साधारण ३०-३५ किलोमीटर, आणि तिथून हैदराबाद हायवेनं सरळ सोलापूर, म्हणजे एक वाटोळा फेरा होतो, आल्या रस्त्यानं परतावं लागत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात धरण भरून वाहिलं की नर-मादी धबधबे सुरू होतात आणि तुम्ही महालाच्या खिडकीत उभे राहून डोक्यावरून पडणारं पाणी आतून बघता. बाकीच्या महिन्यांत धबधबा नसतो. ते आधी सांगून ठेवा, नाहीतर यूट्यूब बघून आलेला एखादा हिरमुसतो. तुळजापुरात वेळ लांबला तर नळदुर्ग गाळता येतो, रडारड होत नाही. पहिल्या दिवसाला अशी सैल शेपटी हवीच.

दुसऱ्या दिवशी पंढरपूर की अक्कलकोट, की दोन्ही, हे तुमच्या मंडळींच्या श्रद्धेवर आणि गुडघ्यांवर अवलंबून आहे. पंढरपूर सोलापूरपासून ७० किलोमीटरच्या पुढे, अक्कलकोट ४० च्या आत-बाहेर, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना. एका दिवसात दोन्ही होतात, पण मग पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेचा नाद सोडून मुखदर्शनावर भागवावं लागतं. साठीच्या गटाला मी एकच निवडायला सांगते. वार आणि तिथी मात्र बघाच. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा, अक्कलकोटला गुरुवार, पंढरपूरला एकादशी. ज्यांना त्याच दिवशी दर्शन हवं असतं ते गर्दी मनात धरूनच आलेले असतात. तुमच्या १५ जणांपैकी तसे किती, हे निघण्याआधी विचारून घ्या. एकच असेल तर बाकी १४ जणांचा दिवस त्याच्यासाठी बांधून ठेवू नका.

काहीजण सुचवतात, पंढरपूर शेवटी ठेवून तिथून परस्पर कुर्डुवाडीला रेल्वे पकडा. नकाशावर ते शहाणपणाचं दिसतं, कारण पन्नास-एक किलोमीटरवर कुर्डुवाडी जंक्शन आहे आणि सोलापूरला मागं यावं लागत नाही. बोर्डिंग स्टेशन आधी बदलून घेतलं की तिकिटाचीही अडचण नाही. पण मग रांगही शेवटच्या दिवशी, सामानही दिवसभर गाडीत, आणि रात्री अकरानंतर ज्येष्ठ मंडळी प्लॅटफॉर्मवर बॅगांवर बसलेली. तरुण पोरांचा गट असेल तर करा. तुमच्यासाठी नको.

खरेदीचं सांगते, कारण सोलापुरात शेवटचा दिवस बिघडायचं दुसरं कारण चादर आहे. सगळ्यांना वाटतं, चादर जड, मग शेवटीच घेऊ. तर्क बरोबर आहे, पण तो सामान उचलणाऱ्याचा तर्क झाला. गटप्रमुखाचा उलटा असायला हवा. शेवटच्या दुपारी घेतलेली चादर बदलता येत नाही, बॅगेत बसत नाही आणि कुणी काय भावानं घेतली याची तुलना नेमकी रेल्वेच्या आधी सुरू होते. ठाण्याहून येताना १५ जणांच्या २० बॅगा असतात, चादरीनंतर त्या २८ होतात, आणि वरच्या आठ म्हणजे सुतळीनं बांधलेले प्लॅस्टिकचे गठ्ठे, सगळे एकसारखे. आदल्या संध्याकाळी खरेदी झाली की रात्री खोलीत निवांत बॅगा भरल्या जातात, सकाळी एखादा रंग बदलून आणता येतो आणि ज्याला फार झालंय तो पार्सलनं घरी पाठवू शकतो.

चादर ओळखायची कशी, हे बसमध्येच सांगून टाका, म्हणजे दुकानात प्रत्येकाला वेगळं सांगावं लागत नाही. खरी सोलापुरी चादर सुती असते आणि तिच्यावरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. उलटी करून बघा. एका बाजूला निळ्यावर पांढरं फूल असेल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर निळं. दोन्ही बाजू वापरता येतात ते यामुळेच. मागची बाजू नुसतीच फिकी दिसली तर ती छापील. चांगले उत्पादक आपलं नाव चादरीतच विणतात, त्यावर बोट फिरवलं तर धागा लागतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावावर पानिपतचा माल सोलापुरातसुद्धा विकला जातो. स्वस्त आणि मऊ लागला तर जरा थांबा. सोलापुरी चादर पहिल्या दिवशी मऊ नसते, दहा धुण्यांनंतर होते.

आणि कमिशनबद्दल. दुकानं गट आणणाऱ्याला पैसे देतात. सुरुवातीच्या काळात मीही घेतले आहेत, खोटं कशाला बोलू. मग एकदा एका बाईंनी दुकानाबाहेर सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, यात तुमचे किती?" तेव्हापासून मी दोन दुकानांची नावं सांगते, नवी पेठ आणि चाटी गल्लीचा रस्ता दाखवते आणि स्वतः बाहेर चहा पीत बसते. तुमचा ड्रायव्हर एखाद्या ठराविक दुकानाचा फार आग्रह धरायला लागला तर कारण हेच. त्याच्याशी भांडू नका, फक्त गाडी कुठं लावायची ते तुम्ही ठरवा.

आता तिसरा दिवस.

नाश्ता नऊला. आठला नाही. दोन दिवस पहाटे उठवलेली माणसं एक सकाळ उशिरा उठू देत, निम्मी चिडचिड तिथंच संपते. अकराला बॅगा खाली. आठपैकी सहा खोल्या सोडायच्या आणि दोन खोल्या रात्री नऊपर्यंत ठेवायच्या, एक बायकांची, एक पुरुषांची. बहुतेक हॉटेलं अर्ध्या दिवसाचं भाडं घेतात, काही पूर्ण मागतात. बुकिंगच्या वेळीच ठरवा, कारण त्या दिवशी दुपारी विचारलं तर घासाघीस करायला तुमच्या हातात काही नसतं. १५ जणांत तो खर्च वाटला तर डोईमागं एका जेवणाएवढा पडतो. तुमच्या "ठेवायचं कुठं?" या प्रश्नाचं उत्तर या दोन खोल्या आहेत. कुणाला बीपीची गोळी घेऊन पडायचंय, कुणाला रेल्वेआधी अंघोळ करायचीय, कुणाला काहीही बघायचं नाहीये. त्यांना "नाही" म्हणायला जागा द्या. जागा नसली की ते गाडीत बसून "नाही" म्हणतात आणि सगळ्यांना ऐकवतात.

खोल्या सोडताना किल्ली घेण्याआधी मी स्वतः प्रत्येक खोलीत जाते. दारामागचा हूक, बाथरूमची कडी, उशीखाली, टीव्हीमागचं प्लग पॉइंट. चार्जर तर राहतातच. एकदा बेसिनवरच्या ग्लासात आजोबांची कवळी सापडली. आजोबा खाली लॉबीत तोंड मिटून बसले होते आणि त्यांना वाटत होतं कवळी बॅगेत आहे. मी ग्लासावर रुमाल टाकून तो तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी मागं वळून दोन मिनिटांत सगळं ठीकठाक केलं आणि मग दिवसभर माझ्या बॅगेवर लक्ष ठेवलं.

अकरा ते साडेबारा, एखादा चादरीचा कारखाना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागात माग आहेत. आधी फोन करून परवानगी घ्या, गट १५ चा आहे हे सांगा. पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या विणकाम करणारा पद्मशाली समाज आहे, घरात तेलुगू, बाजारात मराठी. आत शिरण्यापूर्वी जे सांगायचं ते सगळं दारातच सांगून घ्या. आत मागांचा खडखडाट इतका असतो की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. मागाच्या वर जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारं यंत्र, बसवलेलं असतं. जुन्या मागांवर अजून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि त्यातूनच खाली मोर उमटत जातो. माझ्या अनुभवात सगळ्यात गप्प उभे राहतात ते निवृत्त इंजिनिअर. हवेत कापसाची धूळ असते, दम्याचा त्रास असलेल्यांना बाहेरच थांबवा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. आदल्या दिवशी चादर घेतलेली असल्यामुळे इथं कुणी भाव विचारत नाही, सगळे नुसतं बघतात. क्रम बदलल्याचा हा एक फायदा मला करून बघितल्यावर कळला.

तुमच्या गटात इतिहासाची आवड असणारे जास्त असतील आणि दिवस हिवाळ्याचे असतील तर कारखान्याऐवजी हत्तरसंग कुडल. सोलापूरपासून ४० किलोमीटरच्या आसपास, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि तिथंच ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग. रांग नाही, दुकानं नाहीत, वारा असतो. पण मग निघायला नऊ वाजता लागेल आणि उशिरा उठण्याची चैन जाईल. दोन्ही एका सकाळी करायला जाऊ नका.

एकला जेवण. शेवटचं एकत्र जेवण हेच धरा. रात्रीचं नाही, कारण रात्री सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं असतं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही. निरोपाचे जे दोन शब्द बोलायचे ते इथं बोला, ग्रुप फोटो इथं काढा, ड्रायव्हरला पाकीट इथं द्या. मी बघितलंय, स्टेशनवर पाकीट द्यायचं ठरवलं की गाडी नो पार्किंगमध्ये, हमाल बॅगा ओढतोय, आणि तीन दिवस सांभाळून नेणाऱ्या माणसाला कुणीतरी खिडकीतून पैसे कोंबतं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर दिले की त्याच्याही तोंडावर समाधान येतं आणि संध्याकाळी तो पाच मिनिटं जास्त थांबायला कुरकुरत नाही. किती द्यायचे, ते तुमच्यावर. फक्त त्याचा भत्ता, टोल, पार्किंग आणि रात्री उशिराचे पैसे हा हिशेब वेगळा, बक्षिसी वेगळी. ते एकत्र करू नका, आणि किलोमीटर गॅरेज ते गॅरेज मोजले जाणार का, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

गटाचा सामाईक हिशेब मात्र आदल्या रात्रीच मिटवा. चहा, पार्किंग, प्रवेश तिकिटं यांचं जे काही असेल ते कागदावर मांडून वाचून दाखवा. माणसी ४० रुपये परत द्यायचे निघाले तरी ते हातात द्या, "राहू दे, रेल्वेत चहा पिऊ" म्हणू नका. तुमच्या मागच्या सहलीत दोन कुटुंबं बोलेनाशी झाली त्यामागं काय होतं मला माहीत नाही, पण मी पाहिलेल्या अशा भांडणांत निम्म्या वेळा रक्कम १०० रुपयांच्या आतली होती.

दोन ते चार विश्रांती, विशेषतः फेब्रुवारी सरल्यावर. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या वर जातं, आणि त्या उन्हात किल्ल्याच्या दगडांवर साठीच्या माणसांना उभं करणं म्हणजे डॉक्टरांचा नंबर शोधायची तयारी. ड्रायव्हरलाही याच दोन तासांत झोपू द्या. तुम्हाला सोडून तो त्याच रात्री दुसरं भाडं घेऊन निघणार असतो, हे तो तुम्हाला सांगत नाही.

चारनंतर शहर. सगळं एकमेकांच्या जवळ आहे, ही सोलापूरची मोठी सोय. आधी चार हुतात्मा चौक. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चार नावांत चार समाज आहेत, ते वेगळं सांगावं लागत नाही. नावं नुसती सावकाश वाचा. तिथून भुईकोट किल्ला. बहामनी काळापासूनचा, भोवती खंदक, आत झाडी आणि बसायला जागा. ज्यांना चालवत नाही ते बागेत बसतात. वेळ आणि आवड असेल तर भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक, ते मूळचे सोलापूरचेच. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले. ते बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या.

दिवस मावळायला सिद्धेश्वर. किल्ल्याला लागूनच तळं, तळ्यात मंदिर. सिद्धेश्वर म्हणजे शिवयोगी सिद्धरामेश्वर, १२ व्या शतकातले, बसवेश्वरांचे समकालीन, सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापणारे. इथं एरवी रांग नसते. कुणी आत दोन मिनिटं थांबतं, कुणी काठावर अर्धा तास. दोघांचंही पूर्ण होतं. शेवटच्या संध्याकाळी अशीच जागा हवी, जिथून कधीही उठता येतं. मी इथं मुद्दाम काही बोलत नाही. पाण्यावर दिवे दिसायला लागतात, कुणीतरी आपणहून जुनं गाणं धरतं, आणि सकाळपासून फटकून वागणाऱ्या दोघी शेजारी बसलेल्या दिसतात. नेहमी असं होतं असं नाही. कधीकधी नुसते डास असतात.

अपवाद जानेवारीचा. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीनं निघतात, अक्षता सोहळा असतो, रस्ते वळवलेले असतात आणि हॉटेलं भरलेली. यात्रा बघायलाच येणार असाल तर अवश्य या, पण मग तो स्वतंत्र बेत. तीन क्षेत्रांच्या सहलीला चिकटवू नका.

साडेसातला परत खोल्यांवर, हलकं खाणं, कपडे बदलणं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं घ्यायची राहिली असतील तर याच वेळी. चटणीला तेल सुटतं, दुहेरी पिशवीत घाला आणि हँडबॅगेत ठेवा, कपड्यांच्या बॅगेत नको. नऊला निघा, सव्वानऊ-साडेनऊला स्टेशन. रेल्वे साडेदहानंतर असली तरी २८ बॅगा, जिना आणि तुमच्यातले दोन-तीन गुडघे यांना तास लागतो. वेळ बदलत असते, आदल्या दिवशी पुन्हा बघा.

हे सगळं रात्रीची रेल्वे धरून झालं. कुणाला वंदे भारत किंवा पुण्यापर्यंत जाणारी हुतात्मा एक्सप्रेस घ्यायची असेल तर गणित उलटं होतं. दोन्ही सोलापुरातून भल्या सकाळी निघतात, म्हणजे तुमचा शेवटचा दिवस उरतच नाही, आदली संध्याकाळ हीच शेवट. मग निरोपाचं जेवण, हिशेब, पाकीट, बॅगा सगळं त्या रात्री दहाच्या आत, आणि पहाटे फक्त चहा. त्या गटाला मी दुसऱ्या दिवशी लांबचं काही ठेवतच नाही. अक्कलकोट करून दुपारी तीनला परत. गाडी घेऊन सरळ पुण्याकडे जाणार असाल तर अंतर २५० किलोमीटरच्या आसपास, चहापाण्यासकट साडेपाच तास धरा, आणि वाटेत भिगवणचे रोहित पक्षी दाखवायचा मोह टाळा. ते सकाळी बघायचे, दुपारी तीनच्या उन्हात होडीत बसून नाही.

शेवटी एक राहिलं. मंडळी डब्यात चढली आणि ड्रायव्हर गाडी काढायच्या बेतात असला तरी एकदा रिकाम्या गाडीत चढून मागच्या सीटखाली टॉर्च मारा. पाण्याची बाटली आणि एक चप्पल तर नक्की असते. परवा चादरींचा अख्खा गठ्ठा होता, आणि ज्यांचा होता त्या काकू प्लॅटफॉर्मवर आपल्या म्हणून भलत्याच कुणाच्या गठ्ठ्यावर निवांत बसल्या होत्या.